अंतराळातील बिगरी यत्ता

मनुष्याची पन्नाशी उलटली की त्यास शिकण्यापेक्षा शिकविण्याची गोडी अधिक वाटू लागते, असा आमचा अनुभव आहे. आणि ज्याने तीस वर्षे शिकविण्यावरच पोट भरले, त्याच्या बाबतीत तर ही गोडी व्यसनाच्या कोटीस जाऊन पोहोचते. आगगाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थास त्याचेच गाव कोणत्या स्टेशनावरून जवळ पडते हे समजावून सांगणारे, भाजीवालीस वांग्यांची पारख शिकविणारे आणि डॉक्टरास औषधाची मात्रा सुचविणारे जे सद्गृहस्थ वाचकांस पदोपदी भेटतात, त्यांपैकी निम्मे तरी आमचे व्यवसायबंधू असावेत. अशा माणसास एके दिवशी एकाएकी बिगरीत नेऊन बसविले आणि त्याची चूक दहाजणांदेखत उघडी पडू लागली, तर त्याची जी अवस्था होईल ती आमची झाली. ही शाळा कोणती, हे सांगितल्यास वाचक हसतील हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि हसण्यासारख्या ठिकाणी कधी कधी रडण्यासारखे काही सापडते, म्हणून ही हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

२०२० सालच्या मार्च महिन्यात महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि आम्ही घरात कोंडले गेलो. आमचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीस. विमाने बंद, रोजच्या बातम्या भयंकर. त्यामुळे सौभाग्यवतींचा जीव टांगणीस लागलेला असे. त्या त्याच्याशी तासतासभर बोलत. आमचे व त्याचे बोलणे मात्र तीन प्रश्नांत संपत असे: जेवलास का, प्रकृती कशी आहे, काम कसे चालले आहे. तिन्हींची उत्तरे ठरलेली असत. पुढे दोन्ही बाजू गप्प राहत आणि आम्ही दूरध्वनी सौभाग्यवतींच्या हाती देत असू. बापलेकांतील हे मौन नवे नव्हते. महासागर आडवा आला तो मागाहून. एका रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्याकडील शनिवारच्या रात्री, तो अकस्मात म्हणाला, “बाबा, आमच्याबरोबर खेळायला येता का? तासाभराचा खेळ आहे. कसं खेळायचं ते मी शिकवीन.” आम्ही नकार देणारच होतो, परंतु सौभाग्यवतींनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तीपुढे आमचा नकार टिकण्याजोगा नव्हता.

खेळाचे नाव ‘अलीजन्स’. मराठीत सांगावयाचे तर ‘इमान’. संगणकाच्या पडद्यावर अवकाशयानांची लढाई खेळण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९६२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी पी.डी.पी.-१ नावाच्या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ नामक खेळ रचला. मध्यभागी एक तारा, त्याच्या आकर्षणात सापडलेली दोन याने, आणि ती चालविणारे दोन खेळाडू. ते निखळ द्वंद्वयुद्ध होते; तेथे प्रत्येकजण स्वतःपुरता शूर. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात तयार होऊन २००० साली बाहेर पडलेल्या ‘अलीजन्स’ची गोष्ट वेगळी. येथे दोन किंवा अधिक पक्ष असतात आणि जगातल्या निरनिराळ्या ठिकाणची माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी एकाच रणांगणात उतरतात. प्रत्येक पक्षाचा एक सेनापती असतो. तो बहुधा नकाशावर नजर ठेवून पैसा कोठे खर्चावा व कोणी कोठे जावे हे ठरवितो. बाकीचे एकेक यान चालवितात आणि त्याची आज्ञा पाळतात. निदान पाळावी अशी अपेक्षा असते.

या खेळास धंद्याच्या दृष्टीने यश आले नाही. कंपनीने अल्पावधीतच त्यातून अंग काढून घेतले. एरवी असले खेळ चारदोन वर्षांत विस्मृतीत जातात. परंतु हा खेळ ज्यांच्या अंगी मुरला होता, त्यांनी तो स्वखर्चाने व स्वकष्टाने चालू ठेवला. २००४ साली कंपनीने खेळाच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर खुला केला आणि या मंडळींस त्यात डागडुजी करण्याची सोय झाली. २०१७ साली तो अधिक मोकळ्या परवान्याखाली आला आणि स्टीम या पेठेतून कोणासही फुकट मिळू लागला. आता, ज्या खेळास जाहिरात नाही आणि ज्यात एकट्याने काहीच करिता येत नाही, त्याचे आयुष्य कशावर अवलंबून असते? नव्या माणसावर. पहिल्या दिवशी आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी परत आला पाहिजे. म्हणून या मंडळींनी नवशिक्यांसाठी पाठ लिहिले आणि जुन्या खेळाडूंनी नव्यांस बोटास धरून फिरविण्याचा प्रघात पाडला. पगार कोणासच नाही. आमचे चिरंजीव अशा शिक्षकांपैकी एक होते, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली. घरात दुसरा मास्तर निपजला होता आणि पहिल्यास त्याचा पत्ता नव्हता!

पहिला पाठ यान हाकण्याचा. आम्हांस वाटले, मोटारीप्रमाणे तोंड फिरविले की यान वळेल. तोंड वळले, यान मात्र पूर्वीच्याच दिशेने घसरत राहिले आणि समोरच्या लघुग्रहावर जाऊन आदळले. न्यूटनने गतीचा पहिला नियम १६८७ साली छापून प्रसिद्ध केला आणि आम्ही तो शाळेत घोकला होता. परंतु तो खरा आहे हे आम्हांस चौपन्नाव्या वर्षी कळले. चिरंजीव म्हणाले, “तोंड कुठे आहे ते पाहू नका, बाबा. आपण जातोय कुठे ते पाहा.” त्याने हे वाक्य यानासंबंधाने उच्चारले होते. आम्ही त्या दिवशी तसेच घेतले. दुसरे आश्चर्य नेमबाजीचे. शत्रू दिसतो तेथे गोळी झाडून उपयोग नाही. गोळी पोहोचेपर्यंत तो जेथे असेल तेथे झाडावी लागते. ही पुढली जागा दाखविणारी एक खूण पडद्यावर उमटते. आम्ही खुणेकडे न पाहता शत्रूकडे पाहत असू, कारण शत्रूकडे पाहण्याची सवय मनुष्यास अधिक असते.

दुसऱ्या पाठात आमचा मानभंग झाला. आम्हांस वाटले होते की आता एखादे लढाऊ यान मिळेल. मिळाले ते टेहळणीचे. लहानसे आणि बेताच्या शस्त्राचे. नवशिक्याने आरंभी हेच यान घ्यावे असा त्या शाळेचा दंडक. कारण विचारता उत्तर मिळाले की ज्यास अजून लढता येत नाही तोदेखील या यानात बसून पक्षास उपयोगी पडतो. या खेळातील रणांगण अनेक क्षेत्रांत विभागलेले असते. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाण्यास अवकाशात ठिकठिकाणी दरवाजे असतात; त्यांस हिब्रू वर्णमालेतील पहिल्या अक्षराचे नाव दिले आहे, ‘आलेफ’. टेहळ्याने अशा दरवाजापाशी पहारेकऱ्यासारखे एक यंत्र ठेवून यावे. मग शत्रू तेथून आत शिरला की तो साऱ्या पक्षास दिसतो. कारण एकास दिसले ते सर्वांस दिसते, हा या खेळाचा मोठा नियम आहे. शिवकालात नजरबाज म्हणून जे लोक असत, त्यांचेच हे काम. बहिर्जी नाईकांचे नाव आपण आदराने घेतो. परंतु त्यांचे काम आपल्या वाट्यास आले तर ते आपणांस हलके वाटते. आम्हांसही वाटले. तरी आम्ही एका दरवाजापाशी यंत्र ठेविले. थोड्याच वेळाने तेथून शत्रूची तीन याने आली, ती आमच्या पक्षास आगाऊ दिसली आणि परतविली गेली. सेनापतीने, जो कोण कोठला आम्हांस ठाऊक नव्हता, ‘दरवाजावर यंत्र ठेवणाऱ्याची शाबास’ अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द लिहिले. त्या चार शब्दांनी आम्हांस जो आनंद झाला तो कोणासही सांगण्यासारखा नव्हता. म्हणून आम्ही तो सौभाग्यवतींस दोनदा सांगितला.

तिसरा पाठ रसदीचा. अवकाशातील काही लघुग्रहांत हेलियम-३ नावाचा वायू असतो. संगणकाने चालविलेली खाणयाने तो गोळा करून तळावर आणतात आणि त्याचा पैसा होतो. त्या पैशावर नवे तळ, नवी शस्त्रे, नवे शोध. ही खाणयाने मंद असतात, त्यांस लढता येत नाही, आणि शत्रूचा डोळा सदैव त्यांच्यावर असतो. कारण उघड आहे. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा जो नाश झाला त्याची तयारी तलवारीने होण्यापूर्वी उपासमारीने केली होती. रसद तुटली की शौर्यास पोट भरण्याचे साधन उरत नाही. तेव्हा नवशिक्याने काय करावे? टेहळणीच्या यानावर एक विलक्षण बंदूक बसविता येते. ती स्वपक्षाच्या यानावर झाडली की त्याची मोडतोड भरून येते. ही बंदूक घेऊन खाणयानाच्या मागे राहावे आणि त्याच्यावर मार पडू लागला की ते दुरुस्त करीत राहावे. बाँबफेकी यान शत्रूच्या तळावर चालून जाते तेव्हाही असेच दोनचार दुरुस्तीवाले त्याच्या पाठीशी लागतात. तळ पाडल्याचे श्रेय बाँबफेक्यास मिळते. पण मागचे दुरुस्तीवाले पळाले तर तो तळापर्यंत पोहोचत नाही.

आता आमच्या अपराधाकडे वळतो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी आमच्याकडे एका खाणयानाची राखण होती. वीस मिनिटे काहीच घडले नाही. खाणयान आपले गाईसारखे एका दगडापासून दुसऱ्या दगडाकडे जात होते आणि आम्ही गुराख्यासारखे त्याच्यामागे. इतक्यात शत्रूचे एक एकटे टेहळणी यान समोरून गेले. आमच्यासारखेच लहान, आणि बहुधा आमच्यासारखाच कोणी नवखा त्यात बसलेला. आमच्या मनात आले, हे एक पाडले तर आपले नाव फळ्यावर लागेल. कानात चिरंजीवांचा आवाज आला, “बाबा, जाऊ नका.” आम्ही गेलो. तो पळाला, आम्ही पाठलाग केला. तो आलेफातून पार झाला, आम्हीही झालो. पलीकडे शत्रूचा तळ होता. पुढची हकीकत फार थोडी आहे. यान फुटले. इकडे आमच्या पाठीमागे दोन लढाऊ याने आली आणि बिनराखणीचे खाणयान त्यांनी निवांतपणे पाडले.

या खेळात यान फुटले म्हणजे खेळाडू मरत नाही. एका इवल्याशा कुपीत बसून तो बाहेर फेकला जातो. कुपीस शस्त्र नाही आणि वेग तर जवळजवळ नाहीच. आपल्या पक्षाच्या कोणी येऊन उचलून घ्यावे किंवा रांगत रांगत घर गाठावे. आम्ही त्या कुपीत बसून काळ्या पडद्याकडे पाहत राहिलो. कोणीतरी आता बोलणार, हे आम्हांस ठाऊक होते; कारण आमच्या वर्गात अशा वेळी आम्ही बोलत असू. परंतु सेनापतीने एवढेच लिहिले की खाणयान गेले, नवे घेतो, राखणीस कोणी यावे. आणि चिरंजीव म्हणाले, “तिथेच थांबा. मी येतो.” ते स्वतः एका झुंजीत गुंतले होते, ती सोडून आले. शत्रूच्या तळासमोरून त्यांनी आपले यान आमच्या कुपीस आणून भिडविले आणि आमची सुटका केली. मग म्हणाले, “पाठलाग करावासा वाटतोच. पहिल्या महिन्यात मी चार खाणयानं घालवली होती. आता पुन्हा तेच यान घ्या, तीच बंदूक घ्या आणि माझ्यामागे या.”

आम्ही लहानपणी हुतूतू खेळलो आहोत. त्यात गडी बाद झाला की रेषेबाहेर जाऊन बसतो, आणि आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की तो जिवंत होऊन परत येतो. बाहेर बसलेल्या गड्यास कोणी नावे ठेवीत नाही. उरलेले खेळतात ते त्यास परत आणण्यासाठीच. ज्याने कोणी हा खेळ प्रथम मांडला त्याला शिक्षणशास्त्र आमच्याहून अधिक कळत होते, असे आता वाटते. कारण आम्ही जो खेळ तीस वर्षे वर्गात खेळलो त्यात बाद झालेला गडी बादच राहत असे.

चिरंजीव नववीत असताना त्याने एक निबंध लिहून आम्हांस दाखविला होता. निबंध वाईट होता, यात शंका नाही. त्याखाली आम्ही तांबड्या शाईने लिहिले, “हे लिहिण्यापेक्षा पान कोरे ठेवतास, तर कागदाचा तरी मान राहता.” हे वाक्य आम्हांस इतके साधले वाटले की दुसऱ्या दिवशी आम्ही ते प्राध्यापकांच्या खोलीत सांगितले आणि सर्व हसले. त्यानंतर त्याने आपली वही आम्हांस कधी दाखविली नाही. आम्ही समजलो की मुलगा आता स्वावलंबी झाला. तो पुढे गणिताकडे वळला, इंजिनियर झाला, अमेरिकेस गेला. आणि आम्ही लोकांस सांगत राहिलो की त्यास भाषेची आवड मुळातच नव्हती. यान फुटलेला तो मुलगा किती वर्षे आपल्या कुपीत बसून कोणी येईल म्हणून वाट पाहत होता, आणि वाट पाहणे त्याने कोणत्या दिवशी सोडले, हे आम्ही कधी विचारले नाही.

त्या रविवारी खेळ संपल्यावर आम्ही त्यास विचारले, “तुला हे शिकवायला कोणी शिकवलं?” तो म्हणाला, “कोणी नाही. मी नवीन होतो तेव्हा एकानं मला असंच उचलून आणलं होतं. त्याचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही.”

पुढे तीन आठवडे आम्ही शब्द जुळवीत होतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांवर खुणा केल्या त्यास स्वतःचे एक वाक्य नीट जुळू नये, ही मौज पाहावी! अखेर एकदा दोघे एका खाणयानाच्या मागे शांतपणे चाललो असता आम्ही म्हणालो, “नववीतल्या तुझ्या वहीत मी एक वाक्य लिहिलं होतं. ते लिहायला नको होतं.” पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “ते राहू द्या, बाबा. तुमचा वेग जास्त झालाय, खाणयान मागे राहतंय.” आम्ही वेग कमी केला. त्याने क्षमा केली किंवा कसे हे आम्हांस सांगता येणार नाही. परंतु त्यास वाक्य कोणते हे विचारावे लागले नाही, एवढे आमच्या ध्यानात आले.

महाविद्यालये पुन्हा सुरू झाली आणि आमच्या रविवारांस खंड पडला. लढाऊ म्हणून आमची तेथे काही कीर्ती झाली नाही. राखणदार म्हणून चारजण आम्हांस ओळखू लागले, इतकेच. परंतु पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरताना आम्हांस एक नवी भीती वाटू लागली आहे. मागच्या बाकांवर जी मुले मान खाली घालून बसतात ती आळशी आहेत, असे पूर्वी आम्ही पाहताक्षणी ठरवीत असू. आता आधी त्यांपैकी कोणाचे यान फुटले आहे काय, हे पाहावेसे वाटते. अशा मुलास आम्ही एकदम कठीण प्रश्न विचारीत नाही. त्यास टेहळणीचे यान देतो: हा उतारा मोठ्याने वाच, हा अडलेला शब्द कोशात पाहा आणि सर्वांस सांग. एकास दिसले ते सर्वांस दिसते. आणि ज्याने ते दाखविले त्यास शाबास म्हणावयास चार शब्द पुरतात.

तांबड्या शाईची दौत अद्याप आमच्या टेबलावर आहे, आणि जुनी खोड सहजासहजी जात नाही. परवाच एका वहीखाली एक झणझणीत वाक्य आमच्या लेखणीच्या टोकाशी येऊन उभे राहिले होते. वाक्य खरोखर सुरेख होते. आम्ही लेखणी खाली ठेविली आणि त्या मुलास भेटावयास बोलाविले. तो येईपर्यंत मनाशी म्हणत होतो, “बाबा, जाऊ नका.”